जळणारा दगड आणि त्याची निवडणी

रॉकेल हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला कीं, तो मूळचा परका आहे याची आठवणहि कोणास राहिली नाहीं. 'रॉक ऑइल' ह्या इंग्रजी शब्दजोडीचा मराठी मुखांत झालेला तो अपभ्रंश असून त्याचा सरळ अर्थ 'दगडाचें तेल' असा आहे. पेट्रोलियम ह्या शब्दाचा धात्वर्थहि तोच. परंतु ज्या तेलास हीं नांवें मिळालीं तें दगड फोडून काढावें लागत नाहीं. विहीर खोल गेली कीं तें बहुधा आपल्या पायांनीं वर येतें, निदान उपसलें असतां येतें. ज्यास अक्षरशः दगडाचें तेल म्हणतां येईल तें निराळेंच आहे. एका विशिष्ट जातीचा तपकिरी अथवा काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड भट्टींत कोंडून तापविला म्हणजे त्यापासून तेलाची वाफ सुटते, व ती थंड केली म्हणजे तेल हातीं लागतें. ह्या दगडास इंग्रजींत ऑइल शेल म्हणतात. आम्ही ह्या लेखांत त्यास तैलशिला म्हणूं.

तैलशिलेचा इतिहास हा तेल काढण्याचा इतिहास म्हणून सांगण्याची रीत आहे. आमच्या मतें तो त्याहूनहि अधिक निवडणीचा इतिहास आहे. सार कोठें आहे, असार किती आहे, तें कसें वेगळें करावें, आणि वेगळें केलेलें असार कोठें टाकावें, ह्या चार प्रश्नांभोंवतीं तो फिरत आला आहे. त्यांपैकीं पहिल्या तिहींचीं उत्तरें शास्त्रज्ञांनीं मोठ्या हुशारीनें दिलीं. चौथ्याचें उत्तर देण्याची पाळी मात्र बहुधा पुढच्या पिढीवर आली.

प्रथम ह्या दगडाचें स्वरूप पाहूं. तैलशिलेंत तेल भिजून राहिलेलें असतें अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नव्हे. ह्या शिला म्हणजे प्राचीन समुद्रांच्या व सरोवरांच्या तळाशीं सांचलेला गाळ होय. त्या गाळांत सूक्ष्म शेवाळांचे देह मिसळले. वरच्या थरांच्या भारानें सर्व दाबलें जाऊन त्याचा दगड झाला. आणि शेवाळांच्या अवशेषांपासून एक घट्ट, नेहमींच्या कोणत्याहि द्रवांत न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ मागें उरला. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनीं १९०६ सालीं ह्या पदार्थास केरोजेन, म्हणजे 'मेणाचा जनक', असें ग्रीक धाटणीचें नांव दिलें. पृथ्वीच्या पोटांतील उष्णता लक्षावधि वर्षें लाभली असती तर ह्याच केरोजेनचें खनिज तेल झालें असतें. तैलशिलेच्या वांट्यास ती उष्णता पुरेशी आली नाहीं. म्हणून निसर्गानें अर्धवट सोडलेलें काम माणसास सुमारें ५०० अंश सेंटिग्रेड उष्णता देऊन थोडक्या वेळांत उरकावें लागतें.

अडचण येथेंच उभी राहते. समजा, १०० मण दगडांत केरोजेन २० मण आहे. तें तापवावयाचें तर उरलेला ८० मण निरुपयोगी दगडहि त्याच्याबरोबर तापविला पाहिजे. त्याची खाणींतून उचल, त्याची वाहतूक, त्याची फोडाफोड आणि त्याचें जळण हा सर्व खर्च त्या २० मणांच्या माथीं बसतो. त्यांतहि तो दगड चुनखडीचा असला आणि आंच फार वाढली तर चुनखडी स्वतः उष्णता खाऊन कर्बवायु सोडूं लागते. गव्हाबरोबर खडेहि जात्यांत घालून मग पीठ निवडीत बसावें, तसा हा प्रकार होतो. कोणतीहि गृहिणी असें करणार नाहीं; ती आधीं निवडील व मग दळील. तैलशिलेच्या बाबतींत मात्र हा साधा व्यवहार साधण्यास शंभर वर्षें लागलीं, आणि तोहि पुरता साधला असें म्हणतां येत नाहीं.

ह्या धंद्यास व्यापारी स्वरूप प्रथम आलें तें मुख्यत्वें स्कॉटलंडांत. जेम्स यंग हा ग्लासगोच्या एका सुताराचा मुलगा. त्यानें रात्रीच्या वर्गांत रसायनशास्त्राचें शिक्षण घेऊन १८५० सालीं दगडी कोळशापासून मंद आंचेवर पॅराफिन तेल काढण्याचें पेटंट मिळविलें आणि पुढील वर्षीं बाथगेट येथें कारखाना उभारला. आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन हा त्याचा स्नेही होता व त्यास यंगनें पुढें मोठें द्रव्यसाहाय्यहि केलें. यंगचा कच्चा माल म्हणजे टॉर्बेनहिल येथील एक विलक्षण खनिज. त्याच्या एका टनापासून १०० हून अधिक गॅलन तेल निघे. हें पाहून जमिनीच्या मालकांस पश्चात्ताप झाला. त्यांनीं खाणवाल्यांस केवळ कोळसा काढण्याचा पट्टा दिला होता. हा कोळसा नव्हेच, असा दावा त्यांनीं लावला, आणि १८५३ सालीं एडिंबरोच्या न्यायालयांत भूगर्भशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ व सूक्ष्मदर्शक यंत्र वापरणारे पंडित दोन्ही बाजूंनीं साक्षीस उभे राहिले. पंचांनीं निकाल खाणवाल्यांच्या बाजूनें दिला. एखादा दगड काय आहे हें त्याच्या घटकांवरून जितकें ठरतें तितकेंच त्याच्या भावावरूनहि ठरतें, हें ह्या खटल्यानें दाखवून दिलें.

तो समृद्ध दगड १८६० नंतरच्या दशकांत संपत आला. मग स्कॉटिश कारखानदार शेजारच्या साध्या तैलशिलेकडे वळले. तिच्या टनामागें २० पासून ४० गॅलनपर्यंत तेल मिळे. अशा हलक्या मालावर धंदा चालवावयाचा आणि त्याच वेळीं अमेरिकेच्या विहिरींतून येणाऱ्या स्वस्त तेलाशीं झुंजावयाचें, हें काम सोपें नव्हतें. स्कॉटिश लोकांनीं निवडणीचा मार्ग धरला नाहीं. त्यांच्या शिलेंत केरोजेन व चिकणमाती इतकीं एकजीव होतीं कीं तो मार्ग त्यांस मोकळाच नव्हता. त्यांनीं उलट टोकाची युक्ति काढली: दगडांतील एकहि अंश फुकट जाऊं द्यावयाचा नाहीं. जॉर्ज बीलबी प्रभृति रसायनज्ञांनीं भट्ट्या सुधारल्या. शिलेंतील नायट्रोजनपासून अमोनियम सल्फेटचें खत, शिवाय मेणबत्त्यांचें मेण, वंगण आणि दिव्याचें तेल अशीं निरनिराळीं उत्पन्नें काढून त्यांनीं ताळेबंद सांभाळला. १९१३ सालीं स्कॉटलंडांत ३० लाख टनांहून अधिक तैलशिला खणली गेली. ह्या धंद्यांत तयार झालेले जाणते लोक पुढें ब्रह्मदेशाकडेहि गेले. १८८६ सालीं स्थापन झालेली बर्मा ऑइल कंपनी ही स्कॉटिश भांडवलाचीच होती, आणि तिच्या रंगूनकडील कारखान्यांतून निघालेलें रॉकेल मुंबई इलाख्याच्या घरांतहि जळत असे. मूळ स्कॉटिश धंदा १९६२ सालीं बंद पडला. त्याची आठवण म्हणून भट्टींतून निघालेल्या तांबूस राखडीचे डोंगर तेवढे उभे आहेत. वेस्ट कॅल्डरजवळील पांच डोंगरांच्या एका रांगेस तेथील लोक 'पांच बहिणी' म्हणतात, व आतां त्यांस संरक्षित वास्तूचा मान मिळाला आहे.

निवडणीचा खरा प्रयोग झाला तो बाल्टिक समुद्राकांठच्या एस्तोनिया ह्या लहानशा देशांत. तेथील भाषेंत तैलशिलेस पोलेव्हकिवि म्हणतात. त्याचा अर्थ 'जळणारा दगड'. एका शेतकऱ्यानें ह्या दगडाचें न्हाणीघर बांधलें आणि पहिल्याच दिवशीं चुलीबरोबर भिंतींनींहि पेट घेतला, अशी तेथें लोककथा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पीटर्सबर्गच्या विद्वानांनीं ह्या दगडाची परीक्षा केली व १८३८ च्या सुमारास हेल्मर्सन ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें त्यापासून तेल काढण्याचा प्रयत्न केला. परंतु लाकूड व विलायती कोळसा मुबलक असतां ह्या दगडाकडे कोण पाहणार? पहिल्या महायुद्धांत समुद्रमार्ग बंद झाला, राजधानींत जळणाचा दुष्काळ पडला, आणि १९१६ सालीं प्रथम हा दगड खणून परीक्षेसाठीं तिकडे नेण्यांत आला. पुढें दोनच वर्षांनीं एस्तोनियानें स्वातंत्र्य पुकारलें. ज्या देशांत कोळशाची खाण नाहीं व तेलाची विहीर नाहीं, त्याच्या आगगाड्या, सिमेंटचे कारखाने व शहरांचे दिवे कशावर चालावयाचे? नव्या सरकारनें पहिल्याच वर्षीं तैलशिलेचें सरकारी खातें उघडलें, आणि १९२४ सालीं राजधानी तालिन येथील वीजघर ह्या दगडावर चालूं लागलें. स्वातंत्र्याचा अर्थ तेथें दगडाच्या भाषेंतहि वाचतां येत होता.

ह्या दगडास कुक्रुसे गांवावरून कुकरसाइट असें नांव पडलें. तो सुमारें ४६ कोटि वर्षांपूर्वींच्या उथळ समुद्रांतला आहे. त्यांतील केरोजेनचें प्रमाण पुष्कळ. चांगल्या थरांत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि अधिक. परंतु निसर्गानें एक खोडी करून ठेविली आहे. खाणींतील अडीच ते तीन मीटर जाडीच्या पट्ट्यांत तैलशिलेचे थर सलग नाहींत. त्यांच्या मधून मधून चुनखडीचे थर घातलेले आहेत. एकाआड एक पोळी व पुरण रचावें तशी ही रचना. सुरुंग लावला कीं दोन्ही दगड एकत्रच कोसळतात. म्हणजे माल मूळचा उत्तम असूनहि हातीं येतो तो हलका होऊन.

आरंभीं ही निवडणी डोळ्यांनीं व हातांनींच होई. तपकिरी, हलका तो तेलाचा. करडा, जड तो चुन्याचा. खाणींत एकदां आणि वर सरकत्या पट्ट्यापाशीं पुन्हां एकदां, माणसें चुनखडीचे तुकडे वेंचून बाजूस टाकीत. तांदूळ निवडण्यासारखेंच हें काम. फरक इतकाच कीं येथें एकेक खडा कांहीं शेरांचा असे व निवडणाऱ्यास दिवसभर धुळींत उभें रहावें लागे. उत्पादन वाढलें तसे हात अपुरे पडूं लागले, आणि युद्धोत्तर काळांत यंत्रांनीं तें काम उचललें.

ह्या यंत्रांचें तत्त्व आपल्या घरांत रोज वापरलें जातें. तांदूळ रोळतांना पाणी हालविलें म्हणजे तांदूळ पाण्याबरोबर पुढें सरतो व खडा जडपणामुळें तळीं राहतो. कुकरसाइट पाण्याच्या सुमारें दीडपट जड व चुनखडी सुमारें अडीचपट. परंतु नुसत्या पाण्यांत दोन्ही बुडतात. म्हणून पाणीच जड केलें पाहिजे. त्यासाठीं मॅग्नेटाइट ह्या लोहखनिजाची बारीक पूड पाण्यांत कालवून असा दाट द्रव करतात कीं, त्याचें विशिष्टगुरुत्व दोन दगडांच्या मध्यें पडावें. फोडलेले तुकडे त्यांत सोडले म्हणजे तैलशिला तरंगते व चुनखडी बुडते. वर आलेलें धुऊन घ्यावें, खालचें काढून टाकावें, आणि पाण्यांतली पूड लोहचुंबकानें ओढून पुन्हां वापरावी. ह्या रीतीनें निवडलेले मोठे तुकडे तेलाच्या उभ्या भट्ट्यांकडे जातात. त्यांस मोठा व समृद्ध मालच लागतो, कारण चुरा पडला तर भट्टीची हवा कोंडते. जो बारीक चुरा ह्या द्रवांत घालतां येत नाहीं तो वीजघरांच्या बॉयलरांत पूड करून जाळतात. एकाच खाणीच्या मालाची ही दोन घरीं वांटणी हें एस्तोनियाच्या धंद्याचें मर्म होय.

देशाच्या स्वातंत्र्यासाठीं उभारलेला हा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट सत्तेच्या हातीं गेला. १९४८ सालीं कोह्त्ला-यार्वे येथील भट्ट्यांचा वायु नळानें लेनिनग्राडच्या स्वयंपाकघरांत पोहोंचला. नार्व्हा शहराजवळ १९५९ पासून १९७३ पर्यंत जीं दोन प्रचंड वीजघरें उभीं राहिलीं तीं तैलशिला जाळणारीं जगांतील सर्वांत मोठीं ठरलीं. १९८० सालीं एस्तोनियांत ३ कोटि १० लाख टनांहून अधिक तैलशिला निघाली, तो उच्चांक. त्यानंतर अणुशक्तीची वीज आली, १९९१ सालीं देश पुन्हां स्वतंत्र झाला, आणि मागणी उतरली.

येथपर्यंतची निवडणी तुकड्यांची झाली: तैलशिलेचा तुकडा वेगळा, चुनखडीचा वेगळा. परंतु खुद्द तैलशिलेच्या तुकड्यांतहि केरोजेनच्या कणांभोंवतीं मातीचे व चुन्याचे कण असतातच. ते कसे काढावे? ह्यासाठीं रोळणें पुरत नाहीं, घुसळणें लागतें. ही युक्ति मुळांत तैलशिलेसाठीं निघाली नव्हती. ती धातूंच्या खाणींत जन्मास आली. शिकागो येथील कॅरी एव्हरसन ह्या बाईंनीं १८८६ सालीं तेल व आम्ल यांच्या योगानें धातूची पूड दगडाच्या पुडीपासून वेगळी करण्याचें पेटंट घेतलें. त्या शाळेंतील शिक्षिका असून तेलकट गोणपाटें धुतांना त्यांस हा शोध लागला अशी आख्यायिका पसरली, पण ती खोटी. त्या एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या व त्यांनीं हे प्रयोग जाणूनबुजून केले होते. पुढें ऑस्ट्रेलियांत ब्रोकन हिल येथें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पॉटर, डेलप्राट आदि लोकांनीं हें प्लवनतंत्र कारखान्यांत आणलें. तेथें रुपें व शिसें काढून टाकून दिलेल्या चुऱ्याचे लक्षावधि टनांचे ढीग पडले होते व त्यांत जस्त अडकून होतें. पाण्यांत फेंस उठविला, आणि जस्ताचे कण बुडबुड्यांस चिकटून ताकावरील लोण्यासारखे वर आले. टाकाऊ ढीग पाहतां पाहतां संपत्ति ठरले.

हेंच केरोजेनला लागू करावें, हा विचार साहजिक होता. केरोजेन तेलकट, त्यास पाणी आवडत नाहीं. माती व चुना यांस आवडतें. १९३९ सालीं क्वास ह्या संशोधकानें दक्षिण आफ्रिकेच्या तैलशिलेची पूड तेल व पाणी घालून गोळ्यांच्या चक्कींत मळली. केरोजेन तेलाबरोबर गोळा झालें व खनिज भाग पाण्यांत उतरला. कुकरसाइटाचे केरोजेनकण बरेच सुटे असल्यामुळें प्लवनानें व जड द्रवांत फिरवून प्रयोगशाळेंत त्यापासून ९० टक्क्यांपर्यंत सेंद्रिय अंशाचा माल मिळाला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतहि, विशेषतः अलाबामा विद्यापीठाच्या खनिजसंस्थेंत, पूर्वेकडील हलक्या शिलांवर असे प्रयोग झाले.

मग हा मार्ग सर्वत्र रूढ कां झाला नाहीं? उत्तर जात्यापाशीं आहे. कण वेगळे करावयाचे तर आधीं ते सुटे झाले पाहिजेत, आणि पुष्कळ तैलशिलांत ते इतके सूक्ष्म गुंतलेले असतात कीं दगडाची पूड १० मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, दळावी लागते. दळण्याच्या शक्तीचा नियम अमेरिकन इंजिनियर फ्रेड बॉंड यांनीं १९५२ सालीं मांडला. त्याप्रमाणें कणाचा आकार शतांश करावयाचा तर शक्ति सुमारें दसपट लागते. फार बारीक दळणांत प्रत्यक्ष खर्च त्याहूनहि चढतो. शिवाय एवढें बारीक पीठ पाण्यांतून काढून वाळविणें हें दुसरें ओझें. ज्या उष्णतेची बचत करण्यासाठीं निवडणी आरंभिली तीच शक्ति दळण्यांत व वाळविण्यांत खर्ची पडूं लागली, तर शास्त्र जिंकलें तरी व्यवहार हरतो. जेथें निसर्गानें थर जाड व कण सुटे ठेविले तेथेंच निवडणी पोसवते. शास्त्राची शक्ति ही अशी दगडाच्या घडणीनें बांधलेली आहे.

आतां चौथ्या प्रश्नाकडे वळूं. टाकलेला दगड जातो कोठें? एस्तोनियाच्या ईशान्य भागांत त्याचें उत्तर मैलभर अंतरावरून दिसतें. निवडून टाकलेल्या चुनखडीचे ढीग, भट्टींतील अर्धवट जळलेल्या अवशेषाचे डोंगर आणि वीजघरांच्या राखेचीं पठारें तेथें उभीं आहेत. कुकरसाइट जाळला म्हणजे वजनाच्या जवळजवळ निम्मी राख उरते. त्या राखेंतून निथळणारें पाणी तीव्र क्षारयुक्त, व भट्टीच्या डोंगरांतून निथळणारें पाणी फिनॉलसारख्या विषारी द्रव्यांनीं दूषित. तें वर्षानुवर्षें नद्यांत गेलें. निवडणीचे ढीगहि निर्दोष राहिले नाहींत. हाताची काय किंवा यंत्राची काय, कोणतीहि निवडणी पूर्ण नसते; चुनखडीबरोबर थोडी तैलशिला गेलीच. कुक्रुसे येथील अशाच एका जुन्या ढिगानें आपोआप पेट घेतला. असार म्हणून टाकलेल्यांत सार उरलें होतें, आणि त्यानें आपलें अस्तित्व धुरानें कळविलें. भूमीच्या आंतहि हीच गोष्ट आहे: छप्पर कोसळूं नये म्हणून खाणींत तैलशिलेचेच खांब सोडावे लागतात, आणि त्यांत सुमारें पाव हिस्सा माल कायमचा अडकून पडतो.

ह्यावरून ह्या धंद्यास सरसकट दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. थंड प्रदेशांतील एका लहान राष्ट्रानें आपल्या पायांखालच्या दगडावर घरें उबदार ठेविलीं, आणि एके काळीं देशाच्या विजेपैकीं ९० टक्क्यांहून अधिक वीज त्यावर काढली. शेजारच्या बलाढ्य सत्तेचें दडपण ज्यांनीं सोसलें त्यांस स्वतःच्या जळणाची किंमत आपण शिकविण्याची गरज नाहीं. उलट निवडणी होती म्हणूनच हानि आटोक्यांत राहिली, असेंहि म्हणतां येईल; बाजूस काढलेली चुनखडी आगींत गेली नाहीं व तेवढा कर्बवायु हवेंत गेला नाहीं. त्या चुनखडीची खडी पुढें रस्त्यांच्याहि कामीं आली.

तथापि हिशेबाची वही कोठें संपते हा प्रश्न राहतोच. खाणीच्या वहींत टाकलेल्या दगडापुढें शून्य मांडलें जाई. ढिगाची आग, नदीचें पाणी व हवेंतील वायु हीं खातीं त्या वहींत नव्हतीं. २००४ सालीं एस्तोनिया युरोपीय संघांत गेला, कर्बवायूवर आकार बसूं लागला, आणि तो आकार चढतांच २०१९ सालीं तैलशिलेची वीज एकदम घटली. दगड तोच होता, यंत्रें तींच होतीं. फक्त एक नवें खातें वहींत उघडलें गेलें. टॉर्बेनहिलच्या खटल्यांत जें दिसलें तेंच येथें उलट बाजूनें दिसलें: भाव बदलला आणि माल ज्यास म्हणत होतों तो पुन्हां दगड ठरूं लागला.

१९३७ सालीं उघडलेली कोह्त्ला येथील खाण २००१ सालीं बंद झाली. तिच्या निवडणीच्या कारखान्यांत आज संग्रहालय आहे. किव्हिओली येथील राखडीच्या डोंगरावर हिंवाळ्यांत तरुण मंडळी बर्फावरून घसरण्याचे खेळ खेळतात. हें पाहून कोणास समाधान वाटेल तर वाटो. एका पिढीच्या टाकाऊ ढिगावर दुसरीनें खेळावें यांत वाईट कांहीं नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हलक्या प्रतीचें खनिज निवडून समृद्ध करण्याची नवी योजना कोणत्याहि देशांत निघेल, आणि अशा योजना निघतच राहणार, तेव्हां शंभर मणांतून किती मण सार निघालें एवढेंच विचारून थांबूं नये. उरलेले मण कोणाच्या दारांत, कोणाच्या पाण्याशेजारीं आणि किती वर्षें पडून राहणार, हें त्याच बैठकींत विचारावें व तें उत्तर त्याच वहींत लिहावें.